भट्टी ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका
गॅसवरील भट्टी व गीझर : बिघाड कसा ओळखावा, सुरक्षिततेची साधने कशी सांभाळावीत

धुळे व जळगाव येथील आपल्या लोकांचे कितीतरी धंदे आगीवर चालतात. बेकरी, हॉटेल, शादीची देग, लाँड्रीची इस्त्री, सराफ बाजारातील सोने गाळण्याची मूस. पूर्वी या ठिकाणी लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा डिझेल जळत असे. आता बहुतेक जागी गॅस आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस अथवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश मुंबईपुरता होता. तरीही पुढे काय येणार आहे, हे खान्देशातील बेकरीवाल्यांनी ओळखून असावे.

गॅस स्वच्छ आहे, चुटकीसरशी पेटतो, राख उरत नाही. पण लाकूड बिघडले तर धूर करून सांगते, गॅस तसे सांगत नाही. म्हणून गॅसच्या भट्टीत सांगणारी व थांबविणारी साधने बसविलेली असतात. अडचण अशी की ही साधने भट्टी नेमकी कामाच्या वेळी बंद करतात. रमजानमध्ये सहरीच्या आधीचा घाण भट्टीत असतो, लाल दिवा लागतो आणि ज्योत विझते. मेकॅनिक येतो, इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, “शेठ, सेन्सर बिघडलाय. डायरेक्ट करून देतो.” दहा मिनिटांत दोन तारा जोडल्या जातात, भट्टी चालू होते आणि मालक खूश होतो.

या ‘डायरेक्ट’ शब्दाविषयी आम्हाला आज लिहावयाचे आहे. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, भट्टीचे इंजिनिअर नाही. परंतु आमचे गोदाम व दुसऱ्याची बेकरी यांत अनेकदा एकच भिंत असते, आणि आग भिंतीपलीकडे कोणाचा माल आहे हे विचारीत नाही. म्हणून या कामातील जाणकारांकडून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

भट्टी पेटते कशी?

ब्लोअर असलेल्या गॅस बर्नरला आपण बटण दाबल्याबरोबर गॅस मिळत नाही. त्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी फक्त ब्लोअर चालतो आणि भट्टीच्या पोटात राहिलेला जुना गॅस बाहेर ढकलतो. मग हवेचा दाब पाहणारा स्विच ‘हवा येत आहे’ अशी खबर कंट्रोलरला देतो. त्यानंतर ठिणगी पडते, आणि त्याच्याबरोबरच गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो. आता ज्योत दिसली पाहिजे. ती पाहण्याचे काम ज्योतीत बुडालेल्या एका बारीक सळईकडे असते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीज वाहते. ती सळईला मिळाली तर कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. काही सेकंदांत मिळाली नाही तर व्हॉल्व्ह बंद करून लाल दिवा लावतो. यालाच लॉकआऊट म्हणतात. थंड देशांत घर गरम ठेवण्यासाठी तळघरात गॅसची भट्टी असते. तिचाही क्रम जवळपास हाच आहे.

साध्या भट्टीत किंवा ओव्हनमध्ये वीज नसते. तेथे हे काम थर्मोकपल करते. दोन वेगळ्या धातूंचे टोक लहान पायलट ज्योतीत तापते आणि त्यातून वीस-तीस मिलिव्होल्ट एवढीच वीज निर्माण होते. तेवढ्यावर एक छोटे चुंबक व्हॉल्व्ह धरून ठेवते. ज्योत विझली की टोक थंड होते, चुंबक सुटते आणि साधारण मिनिटभरात गॅस बंद होतो.

म्हणजे सळई असो की थर्मोकपल, दोघांची जिम्मेदारी एकच. ज्योत नसेल तर गॅस जाऊ द्यायचा नाही. ‘डायरेक्ट’ करणे म्हणजे या पहारेकऱ्याला घरी पाठवून दरवाजा उघडा ठेवणे होय.

हिशेब करून पाहा

व्यापाऱ्याला हिशेब लवकर समजतो, म्हणून आकडे देतो. सिलिंडरमधील एक किलो द्रव गॅस बाहेर येऊन पसरला की सुमारे साडेचारशे लिटर होतो. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत असले की एका ठिणगीने स्फोट होतो. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे २८ हजार लिटर हवा असते. तिचे दोन टक्के म्हणजे ५६० लिटर, म्हणजे सव्वा किलो गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो.

प्रत्यक्षात सव्वा किलोही लागत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. तो वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, गटारात व तळघरात उतरतो आणि तेथे साचतो. खोलीच्या वरच्या भागात काहीच नसते आणि खाली गुडघ्याएवढा बारूद तयार असतो.

कोणत्या लक्षणाचा काय अर्थ?

१. ठिणगीच पडत नाही. वीज, फ्यूज व ठिणगीची तार पाहावी. ब्लोअर चालतो पण ठिणगीपर्यंत गोष्ट जात नसेल तर हवेचा दाब पाहणारा स्विच अडवीत आहे असे समजावे. ब्लोअरच्या जाळीवर बेकरीत मैदा बसतो. धुळ्यात जेथे पुढे माग व मागे घर आहे, तेथे रुईचे तंतू बसतात. जाळी साफ करावी. चिमणीत कबुतराचे घरटे आहे काय तेही पाहावे. स्विचच्या तारा मात्र जोडू नयेत.

२. ठिणगी पडते पण ज्योत येत नाही. सिलिंडर रिकामा आहे का, रेग्युलेटर पूर्ण बसला आहे का, नळी दुमडली आहे का, नोझल तुंबले आहे का, हे याच क्रमाने पाहावे.

३. ज्योत येते आणि काही सेकंदांत विझते. सर्वांत जास्त तक्रारी याच असतात आणि ‘डायरेक्ट’ही याच ठिकाणी होते. बहुतेक वेळा सळईवर काजळी किंवा मैद्याचा थर असतो. गॅस व वीज बंद करून, भट्टी थंड झाल्यावर, सळई बारीक पॉलिश पेपरने हळुवार पुसावी. तिची चिनीमातीची नळी तडकली असेल तर सळई बदलावी. थर्मोकपल असेल तर त्याचे टोक ज्योतीत नीट बुडते का व मागचा नट घट्ट आहे का ते पाहावे. हे साधन महाग नसते आणि झिजणे हा त्याचा धर्मच आहे.

४. लाईटवर भट्टी चालते, जनरेटरवर बंद पडते. यात सळईचा दोष नसतो. ज्योतीतून वाहणारी सूक्ष्म वीज अर्थिंगवाटे परत येते. अर्थिंग नसेल, फेज व न्यूट्रल उलटे असतील किंवा जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर समोर ज्योत जळत असूनही कंट्रोलरला ती ‘दिसत’ नाही. येथे भट्टीच्या मेकॅनिकपेक्षा परवानाधारक वायरमनला बोलावणे शहाणपणाचे. नुसते अर्थिंग नीट केल्याने जी भट्टी सुरळीत झाली असती, तिचा सेन्सर कायमचा काढून टाकला जातो, असे आपल्याकडे घडते.

५. पेटताना ‘भप्प’ असा आवाज येतो. गॅस आधी जमतो व ठिणगी उशिरा मिळते, असा त्याचा अर्थ. हा लहान स्फोटच आहे. बर्नर तुंबला असेल किंवा ठिणगीचे टोक सरकले असेल. त्या दिवशीच भट्टी तपासून घ्यावी.

६. चांगली चालू असलेली भट्टी मध्येच बंद होते व थंड झाल्यावर पुन्हा चालते. जादा तापमानाचा थर्मोस्टॅट तिला थांबवीत आहे. आतला पंखा बंद पडला असेल किंवा गरम हवेची वाट अडली असेल. थर्मोस्टॅटचा आकडा वाढवून हा रोग जात नाही.

७. सिलिंडरवर दव जमते, ज्योत मंदावते. मोठ्या बर्नरला एक सिलिंडर पुरत नाही. द्रवाचा गॅस होताना सिलिंडर थंड होतो आणि दाब पडतो. धुळ्याच्या थंडीत हे जास्त होते. अशा वेळी कोणी सिलिंडरवर उकळते पाणी ओततो, कोणी खाली शेगडी ठेवतो, कोणी सिलिंडर आडवा करतो. तिन्ही गोष्टी जीवघेण्या आहेत. आडव्या सिलिंडरमधून गॅसऐवजी द्रव येतो आणि ज्योत अचानक भडकते. उपाय एकच, अधिकृत माणसाकडून एकाहून अधिक सिलिंडरची जोडणी करून घेणे.

लाल बटण वारंवार दाबू नका

लॉकआऊट झाला की रीसेटचे बटण दाबायचे, हे कारागिरांना तोंडपाठ असते. एकदा दाबणे ठीक. पण प्रत्येक वेळी भट्टीत थोडा न जळालेला गॅस जातो. पाच-सहा वेळा लागोपाठ दाबले आणि सातव्या वेळी ठिणगी पडली, तर आधीचा सगळा गॅस एकदम पेटतो. भट्टीचे दार उडते आणि समोर कारागिराचा चेहरा असतो. आमचे म्हणणे असे की, दोनदा दाबून पेटली नाही तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, भट्टीचे दार व खिडक्या उघडाव्यात, दहा मिनिटे थांबावे आणि मग कारण शोधावे. ही सूचना मोठ्या अक्षरांत मराठी व उर्दूत भट्टीजवळ लावावी. रात्रपाळीला मालक हजर नसतो, हजर असतो तो कारागीर.

ज्योतीचा रंग आणि न दिसणारे विष

ज्योत निळी व स्थिर असावी. पिवळी, लांब, डोलणारी व काजळी सोडणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडत आहे. या गॅसच्या एका मापाला पंचवीस ते तीस मापे हवा लागते. बर्नरच्या हवेच्या छिद्रात रुईचे तंतू किंवा मैदा बसला की हे प्रमाण बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरते.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत त्राण नसणे ही लक्षणे. एकाच खोलीतील दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी झाली आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पित्त समजून गोळी घेऊ नये. ज्योत बंद करून सर्वांनी उघड्यावर यावे आणि ज्याला जास्त त्रास आहे त्याला प्राणवायूसाठी लगेच दवाखान्यात न्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही ते चांगले म्हणून दाखविते. म्हणून डॉक्टरांना ‘बंद खोलीत गॅस जळत होता’ हे स्वतःहून सांगावे.

घरचा गीझर

धंद्याच्या भट्टीकडे निदान मालकाचे लक्ष असते. घरच्या गॅस गीझरकडे कोणाचेच नसते. आपल्या गल्ल्यांतील न्हाणीघरे लहान असतात. पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट, एवढ्या जागेत सुमारे सात घनमीटर हवा मावते. सहा लिटरचा गीझर तासभर चालला तर त्याला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. थंडी आहे म्हणून झरोक्याला कापड कोंबलेले, दार बंद, आणि घरातील पाच माणसे एकामागून एक अंघोळीला. शेवटच्या माणसाच्या वाट्याला काय हवा येते, हे वाचकांनीच ताडावे. हवा पूर्ण संपण्याच्या पुष्कळ आधीच ज्योत विष सोडू लागते.

म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. गीझरमध्ये पाण्याचा दाब मिळाल्यावरच ठिणगी पडते, ज्योत विझली की गॅस थांबतो, आणि पुष्कळ गीझरमध्ये ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असते. वीस मिनिटांनी गीझर बंद पडतो ही तक्रार नाही, ती हिफाजत आहे. ठिणगी मंद झाली तर आधी सेल बदलावेत. गीझर आयएसआय चिन्हाचाच घ्यावा.

सराफ बाजारातील खोली

जळगावच्या सोन्याचे नाव दूरवर आहे. ते घडविणारे हात मात्र लहान खोल्यांत बसतात. सोने १०६४ अंशांवर वितळते. ज्योत हलू नये व कण उडू नयेत म्हणून पंखा बंद, आणि माल मोलाचा म्हणून दार-खिडक्या बंद. वर सांगितलेल्या दोन्ही धोक्यांना ही खोली सोयीची आहे. जमिनीलगत एक व छताजवळ एक, अशी जाळीची दोन झरोकी ठेवली तर मालही सुरक्षित राहतो आणि हवाही खेळते. प्राणवायूचा सिलिंडर व गॅस एकत्र वापरणाऱ्यांनी दोन्ही नळ्यांवर ज्योत उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवावा. तो नसेल तर ज्योत नळीतून सिलिंडरकडे परत धावू शकते.

सिलिंडर आणि नळी

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर व दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ‘सी २७’ असेल तर त्या सिलिंडरची तपासणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हावयास हवी. मुदत गेलेला सिलिंडर घेऊ नये, गाडीवरच परत करावा. रबरी नळी आयएसआय चिन्हाची असावी, दीड मीटरहून लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. नळी भिंतीतून किंवा कापडाच्या गाठींमागून नेऊ नये. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी पेटवून कधीही नाही.

घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणे केंद्र सरकारच्या २००० सालच्या पुरवठा व वितरण आदेशाने मना आहे. एका सिलिंडरमधून दुसरीकडे गॅस भरण्याचा परिणाम जळगावने पाहिला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये इच्छादेवी चौकात घरगुती सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरताना स्फोट झाला, त्यात भाजलेल्यांपैकी काही जण पुढे दगावले. त्याआधी ८ डिसेंबर २०२२ रोजी राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातील भुंगरा गावी लग्नघरात सिलिंडर पेटले आणि तीसहून अधिक माणसे गेली. देग चढविणाऱ्या आपल्या बावर्ची बंधूंनी हे विसरू नये. सिलिंडर मंडपात नको, पाहुण्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर तर नकोच.

वास आला तर

गॅसला मुळात जवळपास वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस तळघरात साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे जीव गेले आणि त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचा कायदा तेथे झाला व जगाने ती रीत घेतली. आपल्याला येणारा तो वास म्हणजे त्या मुलांच्या मृत्यूने मिळालेली ताकीद आहे.

वास आला की ज्योती विझवाव्यात आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, दोन्हींत ठिणगी पडते. पंखा लावू नये. दार-खिडक्या उघडून माणसांना बाहेर काढावे आणि बाहेर जाऊन मोबाईलवरून १९०६ हा क्रमांक फिरवावा. गॅसच्या तातडीच्या मदतीसाठी तो चोवीस तास चालतो. गळतीची सूचना देणारे यंत्र बसविणार असाल तर सिलिंडरच्या गॅससाठी ते जमिनीलगत लावावे. पाईपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, त्याच्यासाठी छताजवळ.

वहीत एक पान

शेवटी व्यापाऱ्यांच्या भाषेत एक सूचना. जशी उधारीची वही ठेवता, तसे भट्टीचे एक पान ठेवा. कोणत्या तारखेला लाल दिवा लागला, मेकॅनिकने काय केले, कोणता भाग बदलला, नळीची मुदत केव्हा संपते. महिन्यातून एकदा, भट्टी चालू असताना मुख्य गॅस बंद करून ज्योत विझू द्यावी व व्हॉल्व्ह आपोआप बंद झाल्याचा आवाज येतो काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. ज्या मेकॅनिकने तारा जोडून ठेवल्या असतील, त्याच्याकडून नाही, तर बर्नर बनविणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून त्या सोडवून घ्याव्यात. विम्याचा सर्व्हेयरही आगीनंतर याच गोष्टी पाहतो, आणि काढून टाकलेला सेन्सर हे दावा अडविण्यास पुरेसे निमित्त ठरते.

भट्टी बंद पडली तर एक घाण जातो, फार तर एका दिवसाची विक्री जाते. ते नुकसान वहीत लिहिता येते आणि पुढच्या आठवड्यात भरूनही निघते. मेकॅनिक ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर त्याला एवढेच सांगावे की, भाई, नवा सेन्सर आण, तोवर भट्टी बंद राहील.